खाकी: रंगाआधी आलेलं नाव

‘खाकी’ हा इंग्रजीतला रूढ रंगवाचक शब्द मूळचा आपल्याकडचा. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. खाकी म्हणजे मातकट. ही व्युत्पत्ती निर्विवाद आहे. पण तिच्यावरून असा समज होतो, की रंग आधीच ठरलेला होता आणि इंग्रजांनी त्याचं नाव तेवढं उचललं. इतिहास नेमकं उलटं सांगतो. जवळजवळ चाळीस वर्षं नाव होतं, ठरलेला रंग मात्र नव्हता.

१८४६ मध्ये हॅरी लम्सडेन यांनी पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली. सरहद्दीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत तांबडा डगला दुरून नजरेत भरे, म्हणून या शिपायांना मातकट कपडे दिले गेले. १८५७ च्या उन्हाळ्यात गोऱ्या पलटणींनीही तोच मार्ग धरला. पांढरे सुती गणवेश चहा, कॉफी, शाई, चिखल, जे हाताशी असेल त्यात बुडवले गेले. साहजिकच एका पलटणीचा रंग दुसरीशी जुळेना आणि जो चढे तो धुण्यागणिक उतरे. तरीही या सगळ्या छटांना नाव एकच, खाकी. म्हणजे तेव्हा हा शब्द छटा सांगत नव्हता. मातीत मिसळून जाण्याचा हेतू सांगत होता.

यावर कोणी म्हणेल, फारसी-उर्दूत हा शब्द रंगासाठी आधीपासून होताच. होता, पण माती जागोजागी वेगळी, म्हणून तो अर्थही सैल होता. त्याला नेमकेपणा आणला तो रंगाऱ्यांनी. १८८४ मध्ये लँकेशायरमधल्या अॅक्रिंग्टनच्या फ्रेडरिक गॅटी यांनी उन्हापाण्यात न उतरणाऱ्या पक्क्या खाकी रंगाचं पेटंट घेतलं. हजारो वार कापड एकसारखं रंगवता येऊ लागलं, तेव्हाच खाकी हा सैन्याचा रीतसर गणवेश होऊ शकला. बोअर युद्धाने (१८९९–१९०२) शब्द घरोघरी नेला, १९०० ची ब्रिटिश निवडणूक तर ‘खाकी निवडणूक’ म्हणूनच ओळखली जाते. पण युद्धाने शब्दाचा प्रसार केला; त्याचा अर्थ त्याआधीच पक्का झाला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजही ब्रिटिश लष्कराची खाकी हिरवट तपकिरी असते, तर अमेरिकनांची फिकट वाळूसारखी. मग अर्थ पक्का कुठे झाला? फरक आहेच, पण तो देशादेशांतला, संस्थासंस्थांतला. एकाच पलटणीतल्या दोन शिपायांतला फरक संपला. ‘खाकी वर्दी’ म्हणताच आपल्यापुढे पोलीस उभा राहतो, तोही या एकसारखेपणामुळेच. म्हणून खाकीच्या इतिहासात लम्सडेन यांच्याइतकाच मान गॅटी यांना मिळायला हवा: एकाने गरज ओळखली, दुसऱ्याने शब्दाला रंग दिला.