हरळीला ऊन लागतं

मुलुंड पूर्वेची आमची चार मजली सोसायटी पाडायचं ठरलं, तेव्हा सभेत पार्किंग, कॉर्पस फंड आणि घरभाडं यांवर अडीच तास चर्चा झाली. बागेवर दोन मिनिटं. नव्या इमारतीत बाग पोडियमवर असेल आणि तिला देखभाल फारशी लागणार नाही, असं बिल्डरच्या माणसाने सांगितलं. ब्रोशरमध्ये नीट बघितलं तर ते प्लास्टिकचं गवत होतं. आई शेजारून हळूच म्हणाली, "मग दूर्वा कुठून आणायच्या?"

आमच्या बागेतलं लॉन म्हणजे दूर्वाच. माळी तिला हरळी म्हणतो. लॉन, दूर्वा आणि हरळी ही एकच वनस्पती आहे हे मला विशी उलटल्यावर कळलं, त्यामुळे तुम्हालाही माहीत नसेल तर लाजू नका. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात, दुसऱ्याचा बोट.

आजी सांगलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. गणपतीत ती एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधायची. तीन किंवा पाच पात्यांचीच दूर्वा हवी, फुलोरा आलेली चालायची नाही. आणि तीच आजी माहेरच्या शेतातल्या हरळीला मनसोक्त शिव्या द्यायची. खुरपून काढली तरी पुढच्या पावसात हजर. देव्हाऱ्यात दूर्वा, बांधाच्या आत हरळी! मला ही विसंगती वाटायची. आता वाटत नाही, कारण पूजा आणि शिव्या दोन्ही एकाच गुणासाठी आहेत: ही मरत नाही. जमिनीवर तिचे धावते फुटवे पसरतात आणि प्रत्येक पेरापाशी मूळ धरतात. जमिनीखाली काशा असतात, त्या वेगळ्याच. खुरपं लागून काशीचे चार तुकडे झाले की चार रोपं.

हा गुण फार पूर्वी लोकांच्या नजरेत भरला होता. यजुर्वेदाच्या परंपरेतल्या एका मंत्रात पेरापेरातून उगवत जाणाऱ्या दूर्वेला, आमचाही वंश असाच वाढव, असं मागणं घातलेलं आहे. पण मला जास्त धरून ठेवतं ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अंत्यविधीचं सूक्त. तिथे अग्नीला विनंती आहे की तू जाळलेली ही जागा आता थंड कर, इथे पाणवनस्पती आणि कोवळी दूर्वा उगवू दे. आता अनलासुराची गोष्ट आठवा. गणपतीने आगीचा राक्षस गिळला, पोटात दाह उठला, काही केल्या शमेना, आणि शेवटी ऋषींनी दूर्वा वाहिल्यावर शमला. गोष्ट पुराणातली, सूक्त त्याहून कितीतरी जुनं. दोन्हीकडे जळलेल्या जागेवर दूर्वाच येते. एकातून दुसरं आलं असा दावा मी करणार नाही. पण उन्हाळ्यात करपून गेलेलं माळरान पहिल्या पावसानंतर ज्याने पाहिलंय, त्याला दोन्ही सुचू शकतं.

शेतकऱ्याला मात्र काव्य परवडत नाही. लाकडी नांगर वरची माती खरवडायचा, काशा खाली सुखरूप राहायच्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने लोक तो घेईनात. पुढे घेतला, कारण तो खोल जायचा. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा उन्हात वाळू द्यायच्या, वेचून जाळायच्या, हा हरळीवरचा उपाय आजही सांगितला जातो. आजीच्या माहेरी बायका वाकून काशा वेचायच्या. पाठीचं दुखणं तिथलंच, असं ती म्हणायची.

हीच हरळी अमेरिकेत 'बर्म्युडा ग्रास' झाली, जरी ती मूळची बर्म्युडाची नाही. दक्षिणेतले कापूसवाले तिला आजीइतकाच शिव्या द्यायचे. 1936 मध्ये जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन नावाचा शास्त्रज्ञ रुजू झाला आणि त्याने या तणालाच सुधारायला घेतलं. आधी गुरांच्या चाऱ्यासाठी, मग मैदानांसाठी. आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या भावंडाशी संकर करून काढलेलं त्याचं 'टिफवे' 1960 मध्ये आलं आणि जगभरच्या गोल्फ कोर्सवर पसरलं. गंमत म्हणजे याच बर्टनने तयार केलेल्या बाजरीच्या 'टिफ्ट 23 ए' या वाणावरून भारतातली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, 1965 मध्ये निघाली. लॉनवाल्या माणसाचा हात आपल्या भाकरीपर्यंत असा पोचला.

मुलुंडला येऊ. 1957 पर्यंत हा भाग मुंबईच्या हद्दीतही नव्हता. पूर्वेला खाडीच्या बाजूने मिठागरं, इकडे भातखाचरं. हरळीला थोडी खारट माती चालते, त्यामुळे आमच्या बागेत ती मुद्दाम लावली की आधीपासूनच होती, हे कोण सांगणार? माळीकाका म्हणतात त्यांनी लावली: फुटव्यांचे तुकडे शेण-मातीच्या पातळ गाऱ्यात कालवायचे आणि भिंतीला गिलावा करावा तसे जमिनीवर पसरायचे. चार मजली इमारतींच्या मधल्या जागेत दुपारी भरपूर ऊन यायचं. तेवढं तिला पुरायचं.

कारण हरळीला तुडवलेलं चालतं, कापलेलं चालतं, दोन महिने पाणी नसलेलं चालतं. सावली चालत नाही. सावलीत ती लांबट, विरळ होते आणि मग माती दिसू लागते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला, उपनगरांत मजल्यांवर मजले चढले, आणि आमच्या पश्चिमेला टॉवर उभा राहिला तसं लॉनचं ते टोक टकलं झालं. कमिटीने तिथे वेडेलिया लावली, पिवळ्या फुलांची. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, आणि जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. दिसायला छान आहे, खोटं कशाला बोला. पण दूर्वा काढायला आलेल्या बायका त्या टोकाला जाईनाशा झाल्या.

नांगराने, खुरप्याने, तणनाशकाने जे पुरतं साधलं नाही ते आम्ही नुसतं उंच बांधून साधलं. मीही सही केली आहे. आम्हाला लिफ्ट हवी होती. आईचे गुडघे तीन मजले चढत नाहीत.

घर रिकामं करायच्या आदल्या रविवारी मी खुरपं घेऊन खाली गेलो. वीतभर तुकडा काढायला पाऊण तास लागला, काशा कुठवर गेल्यात याचा पत्ताच लागेना. भाड्याच्या घरात खिडकीच्या ग्रिलवर ऊन अकरापर्यंत येतं. श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यात ती लावली आहे. पहिले दहा दिवस पिवळी पडली होती. काल एक फुटवा डब्याच्या काठावरून बाहेर लोंबताना दिसला. आई म्हणाली, कापू नकोस, भाद्रपद जवळ आलाय.