डॉरन्स, ॲन्सन

डॉरन्स, ॲन्सन : (९ एप्रिल १९५१ – ). अमेरिकेतील फुटबॉल (सॉकर) प्रशिक्षक. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचे १९७९ पासून २०२४ पर्यंत मुख्य प्रशिक्षक. पहिला महिला विश्वचषक (१९९१) जिंकणारा अमेरिकेचा संघही त्यांच्याच हाताखालचा. विद्यापीठाला त्यांनी २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि ९०० हून अधिक सामने जिंकून दिले. मुलींनी एकमेकींशी जीव तोडून स्पर्धा करणे ही रोजची, साधी गोष्ट आहे, हे त्यांनी सरावाच्या मैदानावर रुजवले. त्यांची खरी कामगिरी हीच.

त्यांचा जन्म मुंबईचा. वडील तेल उद्योगातले अधिकारी असल्याने बदल्या होत गेल्या आणि बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर असे देशोदेशी गेले. स्वित्झर्लंडमध्ये शाळा संपवून ते अमेरिकेत आले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि १९७४ साली इंग्रजी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झाले. मार्विन ॲलन हे त्यांचे प्रशिक्षक. ते निवृत्त झाल्यावर १९७७ मध्ये पुरुष संघ डॉरन्स यांच्याकडे आला. त्या वेळी ते कायद्याचे शिक्षण घेत होते.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला होता. त्याच्या आधाराने ठिकठिकाणच्या विद्यार्थिनी मैदान, साहित्य, प्रशिक्षक मागू लागल्या होत्या. चॅपेल हिलच्या मुलींचा फुटबॉल क्लब होता. आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ करा, असे म्हणत त्या क्रीडा संचालक बिल कोबी यांच्याकडे गेल्या. कोबींनी डॉरन्स यांना त्यांचा खेळ बघून यायला सांगितले. बघून आल्यावर त्यांनी अनुकूल मत दिले, तेव्हा हा संघही तुम्हीच सांभाळा, असा प्रस्ताव पुढे आला. दोन्ही संघ मिळून पूर्ण वेळाची नोकरी होत होती. डॉरन्स यांनी कायद्याचे शिक्षण सोडले.

तेव्हा महिलांच्या महाविद्यालयीन फुटबॉलला राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. ती सुरू व्हावी म्हणून त्यांनी इतर प्रशिक्षकांबरोबर पाठपुरावा केला. १९८१ मध्ये चॅपेल हिललाच ती भरली आणि यजमानांनी जिंकली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे ‘एनसीएए’ने, स्वतःची स्पर्धा काढली. त्यात अवघे १२ संघ होते. ती स्पर्धा डॉरन्स यांच्या संघाने १९८२, १९८३, १९८४ अशी लागोपाठ तीनदा जिंकली. १९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने त्यांना हरवले आणि मग १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षे चषक चॅपेल हिलला राहिला. या काळात हा संघ एकदा लागोपाठ १०३ सामने अपराजित राहिला, तर पुढे एकदा त्याने सलग ९२ सामने जिंकले. सुरुवातीला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मोजकेच होते, हे खरे. पण संघांची संख्या वाढत गेली तरी हे यश टिकले, ते केवळ स्पर्धा विरळ होती म्हणून टिकले असे म्हणता येणार नाही.

या यशामागे एक सराव पद्धत होती. तिला ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’, म्हणजे स्पर्धेची भट्टी, असे नाव पडले. मूळ कल्पना त्याच विद्यापीठाचे नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांची. ते सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत. डॉरन्स यांनी ती फुटबॉलमध्ये आणली. एकास एक झुंज, धाव, हेडर, गोलवर फटका, लहान संघांचे सामने, काहीही असो. मैदानाच्या कडेला उभे असलेले विद्यार्थी-व्यवस्थापक निकाल टिपून घेत. त्यांची बेरीज होऊन प्रत्येक प्रकारात पहिलीपासून शेवटच्या क्रमांकापर्यंतची यादी लागे, आणि ती सगळ्या संघाला दिसेल अशी लागे. सरावात मैत्रिणीला हरवायला मुली कचरतात, असे डॉरन्स यांचे निरीक्षण होते. आकडे लागू लागल्यावर तो संकोच गळून पडला, कारण मैत्रिणीविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळणे हाच सरावाचा भाग ठरला. शेवटचा क्रमांक रोज भिंतीवर वाचणे सोपे नसणार. सगळ्यांना ते मानवत नसे.

खेळण्याची शैलीही याच तालमीतून आली. महाविद्यालयीन नियमांत बदली खेळाडूंची मुभा व्यावसायिक फुटबॉलपेक्षा कितीतरी सैल असते. बाहेर गेलेली खेळाडू उत्तरार्धात पुन्हा मैदानात येऊ शकते. डॉरन्स यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. बचावात तीनच जणी, पुढे तिघी, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की त्याच्याच गोलाजवळ तुटून पडायचे. हा दमवणारा खेळ ९० मिनिटे चालावा म्हणून ताज्या दमाच्या खेळाडू ते टप्प्याटप्प्याने उतरवत. समोरचा संघ दमलेला असताना यांची नवी फळी मैदानात येई.

पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ ते १९८८ पर्यंत सांभाळत होते. १९८७ मध्ये पुरुष संघही राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. मुले आणि मुली दोघांना शिकवण्याचा हा अनुभव त्यांना मोलाचा ठरला. मुलांना त्यांची चूक चित्रफितीवर दाखवल्याशिवाय पटत नाही. मुली मात्र चूक आधीच मनाला लावून घेतात, म्हणून त्यांना चांगला खेळ दाखवावा, असे ते सांगत. हा भेद सरसकट मानणे आज अनेकांना पटणार नाही. तरी प्रशिक्षक ओरडला म्हणजे संघ खेळतो, या समजुतीला त्यांनी धक्का दिला, एवढे मान्य करावे लागेल. अंतिम सामन्यापूर्वी ते शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूला पत्र लिहीत आणि ते सर्वांसमोर वाचत. त्यात गोलांचा हिशेब नसे. माणूस म्हणून तिने संघाला काय दिले, ते असे.

राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे १९८६ ते १९९४ होती. १४ वर्षांची एक मुलगी बघून या, असे त्यांना कळवण्यात आले, तेव्हा ती कोणती हे आपल्याला सांगू नका, असे त्यांनी बजावले. सामना सुरू झाला, एक किरकोळ अंगाची मुलगी चेंडूमागे सुसाट सुटली, आणि विचारण्याची गरज उरली नाही. ती मिया हॅम. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९८७ मध्ये, डॉरन्स यांनी तिला देशाकडून उतरवले. क्रिस्टीन लिली, जूली फाउडी याही त्याच सुमारास किशोरवयात संघात आल्या. ३० नोव्हेंबर १९९१ रोजी चीनमधील ग्वांगझू येथे नॉर्वेला २–१ असे हरवून अमेरिकेने पहिला महिला विश्वचषक जिंकला. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे, कर्णधार चॅपेल हिलचीच माजी खेळाडू एप्रिल हाइनरिक्स.

हॅम पुढे विद्यापीठातही त्यांच्याकडेच खेळली. एकदा सकाळी कामावर जाताना डॉरन्स यांना ती बागेत एकटीच धावण्याचा सराव करताना दिसली. गाडी न थांबवता ते पुढे गेले आणि नंतर तिला चार ओळींची चिठ्ठी पाठवली : कोणी पाहत नसताना घामाने चिंब होऊन, दमून वाकलेली खेळाडू हेच विजेत्याचे रूप, अशा आशयाची. त्यांच्या २००२ च्या ‘द व्हिजन ऑफ अ चॅम्पियन’ या पुस्तकाचे नाव त्या चिठ्ठीतलेच.

या कारकिर्दीवर एक डाग आहे, आणि तो नोंदवल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर व विद्यापीठावर लैंगिक छळाचा दावा लावला. प्रशिक्षक खेळाडूंच्या खासगी लैंगिक आयुष्याविषयी चौकशा आणि शेरेबाजी करतात, असा आरोप होता. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. संघातल्या थट्टामस्करीत आपण भाग घेतला, हे मान्य केले. एक दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला. दुसरा खालच्या न्यायालयात फेटाळला गेला होता. अपील न्यायालयाने २००७ मध्ये तो पुन्हा उभा केला. जानेवारी २००८ मध्ये ३,८५,००० डॉलरची तडजोड झाली आणि डॉरन्स यांनी लेखी माफी मागितली. शिष्यवृत्ती आणि संघातली जागा ज्याच्या हाती, त्याच्यासमोर विशीतली मुलगी ‘नको’ म्हणू शकत नाही. थट्टा होती, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही.

२००८ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. पुढच्या पिढ्यांतील टोबिन हीथ, क्रिस्टल डन यांच्याबरोबरच इंग्लंडच्या लूसी ब्रॉन्झ, अलेसिया रूसो याही त्यांच्या संघातून खेळल्या.

२०१२ चे विजेतेपद मात्र डॉरन्स यांचे अखेरचे ठरले. राष्ट्रीय स्पर्धेत आता ६४ संघ असतात. स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए या विद्यापीठांनी उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढल्या होत्या. २०१८ आणि २०१९ चे अंतिम सामने संघाने गमावले. २०२२ च्या अंतिम सामन्यात २–० अशी आघाडी होती. यूसीएलएने शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३–२ असा चषक नेला. विद्यापीठाच्या नव्या स्टेडियममधील मैदानाला तोवर डॉरन्स यांचेच नाव मिळाले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. सहायक प्रशिक्षक डेमन नहास यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १–० असे हरवून संघ बारा वर्षांनी पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला आणि नहास यांना मुख्य प्रशिक्षकपदी कायम करण्यात आले.