मुखमार्जन : मळ कीं विकार?

राजवंशांचे व लढायांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु माणसें तोंड कशानें धूत असत, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. इंदापूर म्हटलें कीं मालोजीराजे भोसले आठवतात, बारामती म्हटली कीं मोरोपंत. राजाच्या स्नानाचें वर्णन बाराव्या शतकांतील चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त सांपडतें, सामान्य घरांतील न्हाणीची हकीकत मात्र चालीरीतींवरूनच जुळवावी लागते.

हे दोन्ही तालुके पर्जन्यच्छायेंतले. कऱ्हा, नीरा व भीमा या नद्या जवळ असल्या, तरी पुष्कळ गांवांची भिस्त विहिरींवर असे. आणि काळ्या जमिनींतील विहिरींचें पाणी बहुधा जड, म्हणजे ज्यांत डाळ लवकर शिजत नाहीं असें. अशा पाण्यांतील क्षारांशीं साबणाचा संयोग झाला कीं फेंस होत नाहीं, उलट चिकट साका त्वचेवर राहतो. डाळीच्या पिठास ही अडचण नाहीं. तें तेलकटपणा शोषून घेतें व पाण्याबरोबर निघून जातें. हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, साय व हळद हीं रोजचीं. नागरमोथा, कचोरा, वाळा व आंबेहळद यांचें उटणें दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचें. ज्या मुलखांत पाणी जड व थोडें, तेथें ही रीत अडाणीपणाची नव्हे, सोयीची होती.

पुढें साबण आला. त्यांतील प्राण्यांच्या चरबीच्या शंकेनें सोंवळ्याच्या घरांत तो कित्येक दिवस उंबऱ्याबाहेर राहिला. म्हैसूर संस्थानानें चंदनी साबणाचा कारखाना काढला आणि १९१८ सालीं गोदरेजांनीं वनस्पतितेलाचा ‘चावी’ साबण बाजारांत आणला, तेव्हां स्वदेशी व सोंवळें या दोहोंचेंही समाधान झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्यानें या भागांत ऊस फुलविला. पण त्याच पाण्यानें खोलगट जमिनींत क्षारही वर आणले. पाण्याचा प्रश्न असा पुरता मिटला नाहींच.

साबणानें त्वचा स्वच्छ केली हें खरें. परंतु त्याबरोबर एक समजूतही घट्ट झाली. ती अशी, कीं चेहऱ्यावरचे काळे ठिपके व पुटकुळ्या म्हणजे मळ, आणि ज्याच्या तोंडावर त्या दिसतात तो नीट तोंड धूत नाहीं. वस्तुतः रोमरंध्रांत त्वचेचें तेल व मृत पेशी सांचतात. त्यांचा वरचा भाग हवा लागून व त्वचेच्या रंगद्रव्यामुळें काळा पडतो. तो काळेपणा धुळीचा नव्हे. सुश्रुतानें ‘मुखदूषिका’ हा तरुणांच्या मुखावरील विकार म्हणून क्षुद्ररोगांत घातला. अस्वच्छतेचा दोष म्हणून नव्हे. वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेपही त्यानें सांगितला. आजच्या वैद्यकास तो लेप कदाचित् पसंत पडणार नाहीं, पण निदानाची दिशा पसंत पडेल.

म्हणूनच उपाय निवडतांना आधीं हा भेद ध्यानांत घ्यावा. घरीं कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें दिवसांतून दोनदां तोंड धुणें पुरेसें आहे. खसाखसा घांसल्यानें दाह वाढतो. वाफेनें रंध्रें उघडतात हें खरें नव्हे, रंध्रांस दारें नसतात; वाफेनें आंतील तेल मऊ मात्र होतें. सॅलिसिलिक आम्ल तेलांत विरघळत असल्यामुळें रंध्रांत उतरतें. ब्यूटी पार्लरांत किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे ठिपके उपकरणानें काढतां येतात. पण कांहीं आठवड्यांत रंध्रें पुन्हां भरतात. नखांनीं पिळल्यास व्रण मात्र कायमचे राहतात. पुटकुळ्या मोठ्या व दुखऱ्या असल्यास तज्ज्ञांसच दाखवावें.

लग्न जमवितांना मुलीच्या गालावरील पुटकुळ्या मोजणाऱ्या, किंवा परीक्षेच्या दिवसांत मुलाला ‘तोंड धू’ म्हणून टोंचणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं सुश्रुताचें वर्गीकरण एकदां अवश्य आठवावें. पीठ असो वा साबण, त्यानें मळ जातो. वयाचा विकार त्यानें जात नाहीं; आणि त्याबद्दल लाज बाळगण्याचें कारण तर मुळींच नाहीं.