संस्थेची वेबसाइट सगळ्यांना वापरता येते का? फोनवरच तपासा

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर भर दुपारी फोन उघडला, की पांढऱ्या पानावरची फिकट राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. आपण स्क्रीनवर हात आडवा धरतो, सावलीत जातो, काम भागतं. ज्याची नजरच अधू आहे, त्याची अडचण मात्र सावलीतही सुटत नाही.

आता समजा, एखाद्या सेवाभावी संस्थेने मोफत नेत्रतपासणी शिबिर ठेवलंय. तारीख, वेळ, पत्ता सगळं एका पोस्टरच्या फोटोत. म्हणजे ज्याच्यासाठी शिबिर, त्यालाच ते वाचता येत नाही! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यामुळे हा मोजक्या लोकांचा प्रश्न नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि विंडोजवर मोफत मिळणारा एनव्हीडीए. हे सॉफ्टवेअर पानामागचा मजकूर आणि कोड वाचतं. तिथे काही लिहिलेलंच नसेल, तर ते तरी काय वाचणार?

काय दुरुस्त करायचं?

१. पोस्टरमधली माहिती खाली टाइप करूनही द्या. बाकीच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी एक ओळ जोडा.

२. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. शिवाय गूगलवर शोधूनही तो मजकूर सापडत नाही.

३. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये नोंदवा. त्यावरून स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो.

४. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत साध्या मजकुरासाठी हेच प्रमाण दिलंय.

५. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला नीट लेबल द्या. ‘नाव’, ‘मोबाइल नंबर’ असं लेबल नसेल, तर स्क्रीन रीडर नुसतं ‘एडिट बॉक्स’ म्हणतो.

६. देणगीसाठी फक्त क्यूआर कोड नको, यूपीआय आयडीही लिहा. तसंही ज्या फोनवर पान उघडलंय, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कोड स्कॅन कसा करणार?

७. व्हिडिओला मराठी सबटायटल्स द्या. कर्णबधिरांना ती लागतातच, आणि बसमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं.

पाच मिनिटांची टेस्ट

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. तो कसा बंद करायचा, हे आधी बघून ठेवा, कारण सुरू झाल्यावर एका टॅपने बटण फक्त निवडलं जातं, ते दाबायला डबल टॅप लागतो आणि स्क्रोल करायला दोन बोटं. आता डोळे मिटा आणि संस्थेच्या साइटवर शिबिराची तारीख शोधा. जिथे अडाल, तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करा.