चिमूटभर सोड्यापासून पँटोप्राझोलपर्यंत

आम्लपित्ताचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन 'काश्यपसंहिते'त आणि 'माधवनिदाना'त येते; चरक-सुश्रुतांनी त्याला वेगळा अध्याय दिलेला नाही. काश्यपसंहितेच्या मते हा विकार पाणथळ मुलखात अधिक होतो, आणि औषधाने हटला नाही तर रोग्याने मुलूखच बदलावा. मराठी घरांत मात्र मोरावळा, अविपत्तिकर चूर्ण किंवा पाण्यात चिमूटभर खायचा सोडा एवढ्यावर भागत असे. सोडा आम्लाशी थेट भिडतो, ढेकर येते, लगेच बरे वाटते. त्यातूनच जळजळ झाली की औषध घ्यायचे, ही सवय पक्की झाली. सोड्यातल्या सोडियममुळे उच्च रक्तदाब असलेल्यांना तो जाचतो. पुढे आलेल्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकत्र असते, कारण एकाने जुलाब होतात आणि दुसऱ्याने मलावरोध. लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके त्यांच्यासोबत घेतली तर अंगी लागत नाहीत. मध्ये दोनेक तासांचे अंतर लागते.

आम्ल तयार होण्याआधीच ते रोखणारे पहिले प्रभावी औषध सिमेटिडीन 1976 मध्ये ब्रिटनमध्ये आले. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी युरोपात ओमेप्राझोल विक्रीस आले. पँटोप्राझोल त्याच कुळातले. भारतात 1970 च्या पेटंट कायद्याने औषध बनवण्याच्या कृतीलाच संरक्षण होते, औषधाला नव्हते. म्हणून इथल्या कंपन्यांनी ही औषधे स्वस्तात बनवली आणि ती गावोगाव पोचली.

इथे जुनी सवय आड येते. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि त्यांच्यावर जठरातल्या आम्लात न विरघळणारे आवरण असते. दाणे आतड्यात फुटतात, औषध रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत जाते आणि आम्ल सोडणारे 'पंप' बंद करते. तेही फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ही गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, न चावता, न चुरता गिळायची. जळजळ झाल्यावर घेतली तर तिचा उपयोग फारसा नाही, आणि पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात.

ही सवय आज कशी दिसते, त्याचे एक उदाहरण बेंगळुरूचे. तिथल्या आगरा तलावालगतचा एचएसआर लेआउट, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउट, हा शहराच्या विकास प्राधिकरणाने वसवलेला भाग आता नवउद्योगांचे ठाणे आहे. महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या तरुणांचे रात्रीचे जेवण उशिरा आणि बाहेरून मागवलेले असते, आणि जेवल्या जेवल्या झोप. अशा दिनक्रमात गोळी हा उपाय राहत नाही, दिनक्रमाचा भाग होतो. गोळ्यांच्या पट्टीवरची लाल उभी रेघ चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये असे सांगते; ती कुणी पाहत नाही.

धोक्याच्या खुणा उशिरा दिसल्या. 2019 मध्ये सिमेटिडीनच्याच कुळातल्या रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हा कर्करोगकारक मानलेला घटक सापडला. 2022 मध्ये भारताने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले. ओमेप्राझोल-पँटोप्राझोलच्या दीर्घ वापराने ब-12 आणि मॅग्नेशियम घटू शकते, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल टाळावे. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी लागते.

जळजळीमागे कधी जठरव्रणही असतो. त्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात दाखवले. 2005 चे नोबेल त्यासाठीच. त्यावर प्रतिजैविकांचा ठरावीक मुदतीचा उपचार आहे. त्रास महिनोन्महिने चालू असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. काळे शौच, गिळताना अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे दिसले, तर पुढची पट्टी घेण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.