खड्यांचा तळ, वाळूचा तळ

घरातील काचेच्या मत्स्यपेटीत तळाला काय पसरावे, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. परंतु या छंदाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही निवड सौंदर्यदृष्टीने क्वचितच ठरली आणि बहुतेक वेळा ती पाणी स्वच्छ राखण्याच्या त्या त्या काळातील युक्तीने ठरवली, असे दिसते. भूविज्ञानात दोन मिलिमीटरांहून लहान कणाला वाळू आणि त्याहून मोठ्याला खडा मानतात. मत्स्यपेटीच्या संदर्भात ही दोन मिलिमीटरांची रेघ आणखी महत्त्वाची ठरते, कारण तिच्या एका बाजूला पाणी तळातून सहज वाहते आणि दुसऱ्या बाजूला ते तळावर अडते. मुंबईच्या उपनगरांतील घरांत, आणि त्यांत कांदिवली पश्चिमेच्या चारकोपसारख्या लहान खोल्यांच्या वसाहतीतही, खडे काढून वाळू घालण्याची जी रीत अलीकडे रुळली आहे, तिचा उगम या साध्या गोष्टीत आहे.

माशांकडे करमणूक म्हणून पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि गळ टाकण्याचे कौशल्य यांचे वर्णन येते. मात्र तो विनोद तळ्याकाठचा होता. मासा काचेआड ठेवून त्याच्याकडे बाजूने पाहणे ही एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची देणगी आहे. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका भांड्यात सोनमासे, पाणगोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी सडलेली पाने खातात आणि मासे या दोहोंवर तगतात, असा समतोल त्यांनी दाखवून दिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. येथे लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की वॉरिंग्टन यांच्या भांड्याच्या तळाला वाळू आणि चिखल होता. ज्या पेटीत वनस्पतीच पाणी राखते, तिच्या तळाने मुळे धरून ठेवली की पुरे, त्यातून पाणी वाहण्याची गरज नसते. म्हणजे आज ज्याला नवा बदल समजले जाते, ते कालक्रमाने पाहता परत फिरणे आहे.

मुंबईत या छंदाला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयामुळे. त्याचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाचा खर्च सुमारे आठ लाख रुपये होता आणि त्यांतील दोन लाख विकाजी तारापोरवाला यांनी दिल्यामुळे त्यांचे नाव संस्थेला मिळाले. शाळेच्या सहलीत मत्स्यालय पाहिलेल्या मुलांचा घरी पेटी ठेवण्याचा हट्ट पुरवणारा बाजार क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा फुले मंडईत, आणि पुढे कुर्ल्यालाही वाढला. त्या काळच्या पेट्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून आणि सांधे पुट्टीने भरून केलेल्या असत. चौकट गंजे, पुट्टी सुके आणि पेटी झिरपू लागे. सिलिकॉनने काचेला काच चिकटवण्याची पद्धत आल्यावर चौकट गेली, पेटी हलकी व स्वस्त झाली आणि दोन फूट लांबीचा ‘फिश टँक’ ही मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातील वस्तू बनली.

खड्यांचे राज्य याच सुमारास स्थिरावले, आणि ते आणले ‘अंडरग्रॅव्हल फिल्टर’ने. १९५० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय झालेली ही युक्ती अतिशय साधी आहे. पेटीच्या तळाशी भोके असलेली प्लॅस्टिकची जाळी ठेवायची, तिच्या कोपऱ्यात एक उभी नळी बसवायची, जाळीवर तीन ते पाच मिलिमीटरांच्या खड्यांचा दोन-तीन इंचांचा थर पसरायचा आणि एअर पंपाने त्या नळीत हवा सोडायची. हवेचे बुडबुडे वर चढताना पाणीही ओढून नेतात, त्यामुळे जाळीखाली पोकळी होऊन वरचे पाणी खड्यांमधून सतत खाली झिरपत राहते आणि खड्यांचा संपूर्ण थर हाच गाळणी बनतो. पण या गाळणीचे खरे काम कचरा अडवण्याचे नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना घातक असतो. खड्यांवर वाढणारे एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू वेगळे काढून दाखवण्याचे श्रेय १८९० च्या आसपास सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला जाते. शेतजमिनीसाठी लागलेला तो शोध सहा-सात दशकांनी दिवाणखान्यातील पेटीच्या तळाशी कामाला आला. या पद्धतीत वाळूला मात्र अजिबात जागा नव्हती, कारण वाळू जाळीच्या भोकांतून खाली उतरते किंवा घट्ट बसून पाण्याची वाट बंद करते. दोन पिढ्यांच्या मनात मत्स्यपेटी म्हणजे निळे-हिरवे खडे असे समीकरण बसले ते या यंत्रामुळे, खड्यांच्या रंगामुळे नव्हे. रंग नंतर दुकानदारांनी चढवला, आणि तो चढवला नसता तरी काही बिघडले नसते.

चारकोपच्या संदर्भात खडे आणि वाळू या शब्दांना आणखी एक जुना पदर आहे. कांदिवलीच्या पडण टेकडीची माती बॅकबेच्या भरावासाठी खणली गेली आणि त्या परिसरात १९३० च्या दशकात लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. चिकणमाती आणि खड्यांचे जे थर त्याने नोंदवले, त्यांमुळे कांदिवलीचे नाव भारतीय प्रागैतिहासाच्या ग्रंथांत गेले. टेकडीच्या पश्चिमेला, मनोरीच्या खाडीकडे, जमीन सखल होत जाऊन खारफुटीत मिळते, आणि याच सखल पट्ट्यात चारकोप गावाच्या भोवती म्हाडाने आजची वसाहत वसवली. जागतिक बँकेच्या कर्जावर १९८५ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाचा तो भाग होता. शासनाने रस्ते, नळ, गटारे आणि लहान भूखंड तयार करून द्यायचे आणि घर कुटुंबाने आपल्या ऐपतीनुसार बांधायचे, अशी ती योजना होती. एका चौकाभोवती काही घरे आणि त्यांची मिळून एक सहकारी गृहनिर्माण संस्था, ही तिची रचना सेक्टरांत फिरताना अजूनही ओळखू येते. अशा घरात पेटीची लांबी भिंत ठरवते आणि वजन फडताळ ठरवते. दोन फूट लांब व एक फूट रुंद पेटीत दोन इंच वाळू म्हणजे सुमारे चौदा-पंधरा किलो, आणि त्यावर पन्नासेक लिटर पाणी. हा हिशेब आधी केलेला बरा.

खड्यांची सद्दी संपण्याचे कारणही यंत्रातच सापडते. स्पंज फिल्टर, पेटीच्या झाकणाखाली बसणारा टॉप फिल्टर आणि मागच्या काचेला टांगायचा फिल्टर स्वस्त झाले, तेव्हा जिवाणूंचे घर तळातून उठून स्पंजात आणि सिरॅमिकच्या नळ्यांत गेले. तळ मोकळा झाला, आणि खड्यांचा जो दोष इतकी वर्षे सोसला जात होता तो उघडा पडला. खड्यांच्या फटींत अन्नकण आणि विष्ठा उतरून कुजतात व सायफनने तळ ढवळल्याशिवाय निघत नाहीत, तर वाळूवर घाण वरच पडते, दिसते आणि उचलता येते. दुसरे कारण माशांच्या सवयीचे आहे. दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरास हे मिशाळ मासे तोंडाने वाळू उचलून कल्ल्यांतून सोडतात आणि अन्न वेचतात; सह्याद्रीच्या नद्यांतील, कृष्णा खोऱ्यातही आढळणारा, पट्ट्यापट्ट्यांचा बोटिया स्ट्रायाटा हाही तळाशी हुंगत फिरणारा मासा आहे. अशा माशांना खड्यांवर ठेवणे म्हणजे कोंबडीला फरशीवर उकरायला लावणे होय.

वाळू आणायची कोठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र चारकोपमध्ये दिसते तितके जवळ नाही. मनोरी आणि गोराईचे किनारे खाडीपलीकडेच आहेत, पण किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो चुनखडीचा असल्याने पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड व अल्कधर्मी करतो. मुंबईचे नळाचे पाणी पावसाळी तलावांचे, मुळात मृदू, त्यामुळे हा फरक लवकर जाणवतो. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकला आणि फेस आला, तर त्या वाळूत चुना आहे असे समजावे. दुकानातील पांढऱ्या संगमरवरी खड्यांनाही हीच कसोटी लावावी. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील वाळूउपशाला बंदी घातली, तर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील वाळूउपसा रोखला, आणि बांधकामाचा व्यवसायही पुढे नदीच्या रेतीऐवजी दगड भरडून केलेल्या वाळूकडे वळला. ती भरडलेली वाळू धारदार असते, मिशाळ माशांना ती वर्ज्य. उरते ती सिलिका वाळू, म्हणजे गारेच्या दगडाची जवळजवळ शुद्ध, व्हिनेगरला दाद न देणारी वाळू. सिंधुदुर्गातील कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत आणि काच व ओतकाम उद्योगांना ती लागते. पेटीची काच आणि पेटीचा तळ हे एकाच द्रव्याचे दोन अवतार आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रत्यक्ष बदलात बहुतेकांची चूक एकच होते आणि ती इतिहास न जाणल्यामुळे होते. खड्यांची पेटी अंडरग्रॅव्हल फिल्टरवर चाललेली असेल, तर जुने खडे एका दुपारी उपसून टाकणे म्हणजे जिवाणूंची सगळी वस्ती कचऱ्यात टाकणे होय. पाणी स्वच्छ दिसते, पण दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. म्हणून आधी नवा फिल्टर जुन्यासोबत चार ते सहा आठवडे चालवून त्यात जिवाणू रुजू द्यावे लागतात, खडे टप्प्याटप्प्याने काढावे लागतात आणि त्यांतील मूठभर जुन्या मोज्यात बांधून नव्या फिल्टरजवळ लोंबकळत ठेवावे लागतात. वाळू बादलीत घालून पाणी गढूळ येणे थांबेपर्यंत धुवावी लागते, दहा-बारा पाणी सहज लागतात. थर दोन इंचांपेक्षा जाड ठेवू नये, कारण खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथे सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. वाळूत शिरून ती उकरणाऱ्या निमुळत्या शंखाच्या गोगलगायी आपल्या तळ्यांतही मिळतात. त्या नको तितक्या वाढतात, तरी हे एक काम चोख करतात.

खडे की वाळू, हा वाद छंदिष्टांनी सौंदर्यावर लढवला, तो पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी फार पूर्वी मिटवला होता. इंग्लंडमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये टेम्सचे पाणी वाळूच्या थरातून गाळून लंडनच्या चेल्सी भागाला पुरवले, तेव्हापासून वाळू हे शहराच्या पाण्याचे गाळण ठरले आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांना पाणी पोहोचवणाऱ्या भांडुप संकुलातही वाळूच्या गाळण्या आहेत, आणि अशा गाळण्यांत वाळू वर असते व तिला आधार देणारे खडे खाली असतात.