सेतुबंधन : एका उत्तरकथेचा खडतर प्रवास

रामायणात लंकादहन आणि सेतुबंधन हे प्रसंग जवळजवळ येतात. सुंदरकांडात मारुती लंका जाळून परततो आणि युद्धकांडाच्या पूर्वभागात वानरसेना समुद्रावर सेतू बांधते. वाल्मीकींच्या गणनेप्रमाणे विश्वकर्म्याचा पुत्र नल याने शंभर योजनांचा तो सेतू पाच दिवसांत सिद्धीस नेला. पहिल्या दिवशी चौदा योजने, दुसऱ्या दिवशी वीस, आणि पुढे एकवीस, बावीस व तेवीस. हेच दोन प्रसंग जेव्हा दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर आणले, तेव्हा मात्र पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास पंधरा वर्षे गेली. ‘लंकादहन’ १९१७ साली प्रदर्शित झाला, ‘सेतुबंधन’ १९३२ साली. पहिल्याने अलोट यश मिळविले. दुसऱ्याच्या वाट्यास विघ्नांची मालिका आली. भारतीय चित्रपटाच्या जनकाची ही उत्तरकथा अशी का अडखळली, याचा विचार आपणांसारख्या रामकथेवर वाढलेल्या वाचकांनी अवश्य करावा.

देवकथा चित्रांतून सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कुडाळजवळील पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी रामायणाची एकेक पोथी उघडून, चित्रामागून चित्र दाखवीत कथा गात असत. कर्नाटकात ‘तोगलु गोंबे’ म्हणजे चामड्याच्या बाहुल्या हेच कार्य दिव्याच्या उजेडात करीत. पुढे राजा रविवर्मा यांची शिळाछापाची चित्रे घराघरांतील देव्हाऱ्यांवर आली आणि राम, सीता, मारुती यांच्या मुखमुद्रा बहुजनांच्या मनात ठसल्या. रविवर्म्यांच्या मुद्रणालयासाठी काम केलेल्या कारागिरांपैकी एक होते धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थाने छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे खेळ या तिन्ही विद्या हस्तगत केल्या होत्या. पडद्यावर ख्रिस्तचरित्र पाहताना आपले देव असे चालतेबोलते कधी दिसतील, हा ध्यास त्यांस लागला. त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला.

‘लंकादहन’ चार वर्षांनी आला. त्या काळी कुलीन घरांतील स्त्रिया अभिनयास सहसा तयार होत नसत. म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेल्या अण्णा साळुंके यांनीच या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. गणपत शिंदे मारुती झाले. मारुतीचे उड्डाण, त्याचे लहानमोठे होणारे रूप, पेटलेली लंका, ही सारी करामत फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या युक्तीने साधली. पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकट होताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगितले जाते. गिरगावातील वेस्ट एंड थिएटरात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत आणि तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, ही आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. तिच्यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी लोकमानस तिच्यात स्पष्ट दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ‘लंकादहन’ हे बहुतांशी एका घराचे काम होते. लेखन, दिग्दर्शन आणि तांत्रिक करामती फाळक्यांच्या. मंडळींच्या भोजनापासून फिल्मच्या कामापर्यंतचा भार सरस्वतीबाईंच्या शिरावर. निर्णय घेणारा आणि राबणारा एकच होता. हे यश पाहून भांडवलवाले पुढे आले आणि १९१८ साली वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट याच काळातले. त्यांत फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. तथापि कलावंत आणि भागीदार यांचे मन फार काळ जुळले नाही. खर्च किती व्हावा आणि हिशेब कोणी पाहावा, यावरून मतभेद वाढले. फाळके कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले, तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले, आणि पुढे समजूत पटून परतलेही. परंतु पहिला विश्वास पूर्ववत झाला नाही.

अशा अवस्थेत, वयाची साठी जवळ आली असता, त्यांनी ‘सेतुबंधन’ हाती घेतला. त्यासाठी मायाशंकर भट्ट यांचे पाठबळ मिळवून ‘फाळके डायमंड कंपनी’ उभी केली. चित्रणासाठी फाळके हंपीपर्यंत गेले. ही निवड यथायोग्यच होती. तुंगभद्रेच्या काठची हंपी-आनेगुंदीची भूमी म्हणजेच किष्किंधा, अशी दृढ श्रद्धा आहे. अंजनाद्री, पंपासरोवर, माल्यवंत या स्थळांशी वानरसेनेची कथा निगडित आहे. जनवाड्यापासून हंपी लांब असली, तरी मारुतीच्या त्या जन्मभूमीचे नाव आपल्या भागातील भाविकांस परके नाही. समुद्रासाठी रत्नागिरीचा किनारा होता.

परंतु सेतूसाठी केवळ शिळा पुरत नाहीत, त्या वाहून आणणारे हातही अखेरपर्यंत टिकावे लागतात. पैसा अपुरा पडला आणि चित्रण मध्येच थांबले. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, तेव्हा त्या धान्याचे मोल भरावयास विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बिदरच्या दरबारी आला, ही कथा आपल्या भागात कोणास ठाऊक नाही? फाळक्यांसाठी असा कोणी अवचित आला नाही. त्यांस पुन्हा आपट्यांकडेच जावे लागले. त्यांच्या मध्यस्थीने नवी कंपनी जुन्या हिंदुस्थान कंपनीत विलीन झाली आणि काम पुढे सरकले. चित्रपट पुरा होण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांतच काळ पालटला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि पडदा बोलू लागला. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने हरिश्चंद्राचीच कथा मराठीतून ऐकविली. म्हणजे ज्या कथेने फाळक्यांनी मूकपटाचा आरंभ केला, तीच कथा आता बोलत होती, आणि त्याच वर्षी त्यांचा राम मात्र मुका होता. लोकांची रामभक्ती ओसरली नव्हती. त्यांच्या कानांस नवी सवय लागली होती.

मग ‘सेतुबंधन’वर मागाहून ध्वनी चढविण्यात आला आणि १९३४ साली तो पुनश्च प्रदर्शित झाला. हे काम सोपे नव्हे. मूकपटाचा कॅमेरा बहुधा हाताने फिरवीत. त्याची गती सेकंदास सुमारे सोळा ते वीस चित्रांची असे, तर बोलपटाची चोवीस. मूकपटातील नट हातवारे आणि मुद्रा यांनी बोलतो, शब्दांचे काम मधल्या पाट्या करतात. अशा अभिनयावर संवाद बसविणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालण्यासारखेच होय. ती उणीव ध्वनीने भरून निघाली नाही, आणि पहिल्या चित्रपटाचे भाग्य दुसऱ्यास लाभले नाही.

आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने या स्थित्यंतराला आणखी एक बाजू आहे. मूकपटाची पाटी अनेक भाषांत लिहिता येई. मराठी, कानडी वा कोंकणी भाषिक एकाच बाकावर बसून तीच सीता पाहू शके. बोलपटाने प्रेक्षक भाषांनुसार विभागले. त्याच १९३४ साली ‘सती सुलोचना’ हा पहिला कानडी बोलपट प्रदर्शित झाला. त्याची नायिका इंद्रजिताची पत्नी, म्हणजे कथा सेतू ओलांडल्यानंतरच्या युद्धाची. आणि त्याचे चित्रण झाले कोल्हापुरात. कानडी रामकथेस पडद्यावर वाणी मराठी नगरीतील स्टुडिओने मिळवून दिली, ही सुखद गोष्ट होय. कोंकणीस मात्र आपल्या पहिल्या चित्रपटासाठी, ‘मोगाचो आंवडो’साठी, १९५० पर्यंत थांबावे लागले.

फाळके खचले नाहीत. कोल्हापुरातच त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकमेव स्वतंत्र बोलपट केला. तो १९३७ साली आला, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शन केले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

‘सेतुबंधन’चे अपयश केवळ दैवावर घालणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. कथा तीच होती, कर्ताही तोच होता. उणा पडला तो अखंड पाठिंबा. काम थांबले नसते, तर ‘आलम आरा’च्या आधी सेतू बांधून झाला असता आणि मूकपटांच्या युगातच त्याचे मोल ठरले असते. समाज कलावंताच्या यशाचा उत्सव करतो, परंतु त्याच्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी हात आखडता घेतो. एकनाथमहाराजांचे भावार्थ रामायणही युद्धकांडातच थांबले होते. ते शिष्य गावबा याने पूर्णत्वास नेले, म्हणून आज मंदिरामंदिरांतून त्याचे अखंड वाचन होऊ शकते.

आज ‘लंकादहन’चाही थोडासाच अंश शिल्लक आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या परिश्रमाने फाळक्यांच्या कृतींचे अवशेष जतन झाले. तोवर पुष्कळ काही नष्ट होऊन गेले होते. आपल्या मंदिरांच्या कोठ्यांत जुनी शिळाछाप चित्रे, उत्सवांची पत्रके, खेळांच्या जाहिराती धूळ खात पडलेल्या असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणी तरी एकदा उघडून पाहाव्यात. रामकथा टिकविणाऱ्या हातांचा इतिहासही त्यांत दडलेला असतो.